दारात अडथळा

१

चष्मेवाल्याच्या तोंडी दिवसभर एकच प्रश्न असायचा. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, नाकावर ती तपासणीची जड चौकट चढली, की तो एक काच घाली, मग ती काढून दुसरी घाली आणि विचारी, "पहिलं बरं की दुसरं?" लोक गोंधळत. आधी पहिलं बरं म्हणत, लगेच दुसरं, मग मान तिरकी करून पुन्हा पहिलं. तो कधी वैतागत नसे. आपल्याला काय दिसतंय हे माणसाला धड सांगता येत नाही, यावरच त्याचं पोट चालत होतं.

घरातही त्याची तीच तऱ्हा. साबण घ्यायचा तरी दोन वड्या दोन हातांत धरून तो दुकानात ताटकळत उभा राही. बायको म्हणे, "आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा शेजारी माझी बहीण बसली होती. तेव्हाही तुमच्या मनात हेच चाललं असणार." यावर तो नुसता हसे, आणि त्या हसण्यावर ती आणखी संशय घेई.

तेव्हा गॅरेजच्या दाराला फोनवर चालणारी मोटर बसवावी की नाही, या प्रश्नावर त्याने बायकोचं किती डोकं खाल्लं असेल याची कल्पना करावी. फायदे तर उघड होते. दार उघडं आहे की बंद, ते दुकानात बसल्याजागी कळणार. कुणी उघडलं की फोन वाजणार. उघडं राहिलं असेल तर तिथूनच लावता येणार. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की दार आपणहून वर जाणार. पण तोटेही होते. वीज गेली तर काय? फोन हरवला तर? कुण्या परक्याने ते उघडायची युक्ती काढली तर? आणि एवढं जड दार, आपण समोर नसताना खाली येणार. तेव्हा नेमकं खाली कुणी उभं असलं तर?

निकाल लागला तो अण्णांमुळे. अण्णा म्हणजे त्याचे वडील. उभा जन्म ट्रकवर गेलेला, आणि आता डोक्यातले रस्ते एकेक करून पुसत चाललेले. पुढच्या दाराला कुलूप लावता येई, पण गॅरेजचं दार उचलायचं कसब त्यांच्या हातांत पक्कं होतं. डोकं विसरलं तरी हात विसरत नव्हते. एका दुपारी ते असे निघाले ते थेट मालट्रकांच्या तळावर सापडले, कुणाच्या तरी ट्रकमध्ये, चालकाच्या जागेवर, चावीसाठी चाचपडत. ट्रकवाला भला माणूस होता. त्याने त्यांना पाणी दिलं आणि विचारपूस करून घरी आणून सोडलं.

"पुढच्या वेळी चावी लावलेली असली तर?" बायकोने विचारलं. त्यावर पहिलं की दुसरं करायला जागाच उरली नाही.

२

मोटर बसवायला जो फिटर आला तो बोलका होता. काम हातांनी चाललेलं आणि तोंड त्याहून वेगाने. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वीतभर उंचीवर, त्याने दोन काळ्या डब्या बसवल्या. एका डबीतून डोळ्यांना न दिसणारा किरण निघे आणि समोरच्या डबीत जाई. तो पोचत असला की डबीवर हिरवा ठिपका पेटलेला राही.

"हे दाराचे डोळे," फिटर म्हणाला. "यांच्यामध्ये काहीही आलं की दार उतरता उतरता थांबणार आणि परत वर जाणार." त्याने केरसुणी मध्ये धरून दाखवली. दार गुडघ्याइतकं खाली आलं, थबकलं आणि कुरकुरत माघारी गेलं. चष्मेवाल्याच्या फोनवर अक्षरं आली: दारात अडथळा.

चष्मेवाल्याला हे फार आवडलं. प्रकाशाचा मामला, म्हणजे आपल्याच धंद्यातला. मांजर असलं तर, पाचोळा उडाला तर, असं तो विचारत बसला. फिटर म्हणाला, "दादा, आत काय, बाहेर काय, माणूस काय, मांजर काय, दाराला यातलं काही कळत नाही. मध्ये काहीतरी आहे, एवढंच कळतं." मग त्याने बजावलं की या डोळ्यांना हात लावायचा नाही, काही शहाणे लोक कटकट नको म्हणून ते काढून दुसरीकडे एकमेकांसमोर बांधून ठेवतात, म्हणजे दाराला वाटतं की वाट कायम मोकळी आहे, आणि मग ते कुणाच्याही अंगावर उतरतं.

अण्णा घडीच्या खुर्चीवर बसून सगळं बघत होते. ते एकदम म्हणाले, "आणि जे मध्ये उभं आहे ते हललंच नाही तर?"

"मग दार उघडंच राहील, अण्णा," फिटर पाना पुसत म्हणाला.

अण्णांनी मान डोलावली. उत्तर त्यांना पसंत पडलं नव्हतं, हे मुलाला दिसलं.

३

या दाराशी आईची एक आठवण चिकटलेली होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली. ती होती तेव्हा अण्णा फेरीवरून परतले, की ट्रक तळावर लावून घरची गाडी घेऊन येत, आणि ती गाडी नेहमी मागे मागे घेत गॅरेजात घालत, म्हणजे सकाळी निघताना तोंड बाहेर. आई दारात उभी राहून हाताने खूण करायची. "येऊ दे... येऊ दे... येऊ दे..." आणि मग डिकीवर तळहाताच्या दोन थापा. थप, थप. म्हणजे बस.

घाटांतून अवजड गाड्या काढलेल्या माणसाला बायकोच्या दोन थापांवाचून गॅरेजात शिरता येत नसे. येत नसे म्हणजे काय, तो त्या दोघांचा रिवाजच होता. ती गेल्यावर अण्णांनी गाडी रस्त्यावरच लावायला सुरुवात केली, आणि पुढे ती विकली. मुलगा मात्र अजून आपली गाडी मागे घेतच आत घाली. थापा मारायला कुणी नसे, म्हणून त्याची डिकी मागच्या भिंतीला घासून खरवडली गेली होती.

मोटर आली आणि दुपारचा एक नवा क्रम बसला. जेवणं झाली की बायको दार उघडत असे आणि अण्णांना उंबऱ्याच्या आत खुर्ची मांडून देई. ते रस्ता बघत बसत. तिच्या शिवणक्लासच्या मुली यायची वेळ झाली, की ती त्यांना उठवून गॅरेजला लागूनच्या लहान खोलीत निजवी आणि नवऱ्याला फोनवर एक शब्द धाडी: झोपले. मग तो दुकानातून दार लावी. तिला भिंतीवरचं बटण दाबता आलं असतं, पण हे काम त्याने हौसेने स्वतःकडे घेतलं होतं. 'दार बंद झालं' ही अक्षरं आली की त्याला एखाद्या चष्म्याचा नंबर अचूक लागल्यासारखं बरं वाटे.

असेच काही आठवडे सुखात गेले. मग एका दुपारी, काच घासता घासता त्याने बटण दाबलं, आणि उत्तर आलं: दारात अडथळा.

त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मांजर, तो मनाशी म्हणाला. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा दार बंद झालं, आणि तोही ते विसरून गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा अडथळा आला. मग रोजच येऊ लागला.

४

आधी त्याने साहजिक ती गोष्ट केली. चष्मे पुसायचं मऊ फडकं घेऊन दोन्ही डब्यांच्या काचा पुसल्या, इतक्या निगुतीने की बायको म्हणाली, गिऱ्हाइकांच्याही एवढ्या पुसत नसाल. मग फिटरला बोलावलं. त्याने केरसुणी आडवी धरली, काढली, पुन्हा धरली. डोळे ठणठणीत होते. फिटर म्हणाला, "दादा, दाराला चष्मा लागलाय का बघा की तुम्हीच," आणि आपल्याच विनोदावर हसत गेला.

मग दुकान बंद असायच्या दिवशी चष्मेवाल्याने स्वतः पहारा केला. अण्णांना निजवायचं नाही, बसू दे तिथंच, असं बायकोला सांगितलं आणि तो बाहेर फरशीवर उकिडवा बसला. ऊन स्वच्छ होतं. वरच्या मजल्यावर शिवणयंत्रांचा खडखडाट चालू होता. रस्त्यावर पान हलत नव्हतं. डबीवरचा हिरवा ठिपका पेटलेला होता.

त्याने फोनवरचं बटण दाबलं. दार खाली येऊ लागलं आणि गुडघ्याइतकं आल्यावर थबकलं.

हिरवा ठिपका विझला होता.

दाराखालच्या त्या मोकळ्या पट्टीत काही नव्हतं. फरशी होती, तिच्यावर उन्हाची रेघ होती, आणि पलीकडे अण्णांच्या चपला. दार कुरकुरत वर गेलं. त्याने हात पुढे केला आणि जिथून किरण जातो तिथे आडवा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हाताला काही लागलं नाही. ऊन लागलं, एवढंच. ठिपका विझलेलाच राहिला. त्याने हात मागे घेतला. थोड्या वेळाने ठिपका आपणहून पेटला, जसं कुणी अंग चोरून वाट द्यावी आणि मग वाट मोकळी व्हावी.

वायर ढिली असेल, तो म्हणाला. ऊन डबीत शिरत असेल. अशी चांगली चार-पाच कारणं त्याच्याकडे होती, आणि एकेक काच घालून बघावी तसं त्याने प्रत्येक कारण घालून बघितलं. कशातूनही नीट दिसेना.

तेवढ्यात आतून अण्णांचा आवाज आला. रस्त्याकडे बघत, अगदी हळू, जसे कुणाच्या तरी मागे मागे म्हणावेत तसे ते शब्द पुटपुटत होते.

"येऊ दे... येऊ दे..."

५

त्या संध्याकाळी चष्मेवाला भिंतीकडे तोंड करून जरा रडला. इतक्या वर्षांनी आईचे शब्द कानावर पडले होते. आई दारात उभी राहत असेल, या विचाराने त्याला भीती वाटायच्या ऐवजी माया दाटून आली. बायकोला त्याने हे सांगितलं नाही. तिने आधी त्याला झोपायला लावलं असतं आणि मग डॉक्टरकडे.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी त्याने अण्णांचे पाय दाबायला घेतले. उजवा गुडघा धरलेला असे. चालताना ते आधी डावा पाय टाकत आणि मग उजवा ओढून घेत. इकडच्या तिकडच्या गोष्टी करत तो शेवटी मुद्द्याला आला.

"अण्णा, दारात आई असते का?"

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. असे स्वच्छ डोळे हल्ली फार क्वचित दिसत.

"ती कशाला दारात उभी राहील? ती आली असती तर सरळ आत आली असती. स्वतःच्या घरात कुणी असं उभं राहतं का?"

"मग कोण असतं?"

अण्णांची नजर रस्त्याकडे वळली. मुलाला वाटलं, गेले. आता कुठल्या तरी घाटात असतील. पण ते म्हणाले, "तिची खूण करतं. हुबेहूब करतं. पण बस म्हणत नाही."

एवढं बोलून त्यांनी पाय आखडून घेतला आणि खांद्यावरचं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. आपण लहानपणी घाबरलो की असंच करायचो, हे चष्मेवाल्याला आठवलं. वडिलांना घाबरलेलं त्याने आजवर कधी पाहिलं नव्हतं. ट्रक दरीच्या कडेला लोंबकळला तो किस्साही ते हसत सांगत. त्या क्षणी त्याने ठरवलं की ते दार लागलं पाहिजे, रोज लागलं पाहिजे, आणि अण्णा आतच राहिले पाहिजेत. मध्ये कुणी का असेना.

६

आणि मग त्याने तीच गोष्ट केली जी फिटरने करू नका म्हणून सांगितलं होतं. प्रकाश कसा सरळ जातो, कसा वळतो, हे ज्याला कळतं त्यालाच असली अवदसा आठवते. त्याने दोन्ही डब्या भिंतीवरून काढल्या, वायरी वाढवल्या आणि गॅरेजच्या आत, अण्णांच्या खोलीच्या दाराशेजारी जी फळी होती तिच्यावर, दोन्ही समोरासमोर चिकटवून टाकल्या. मध्ये तळहात मावेल एवढंच अंतर. हिरवा ठिपका पेटला. आता दाराच्या लेखी वाट कायम मोकळी होती.

बायकोने विचारलं, "आणि अण्णा खाली असले तर?" तो म्हणाला, ते निजल्याशिवाय तू कळवत नाहीस आणि तू कळवल्याशिवाय मी लावत नाही. हे बिनतोड होतं. पण ती फळीकडे बघत जरा वेळ उभी राहिली, आणि मग वर गेली.

दार एका दमात लागू लागलं. अण्णा दुपारी शांत झोपू लागले. चष्मेवाल्याने दुकानात एका गिऱ्हाइकाला या मोटरीचे फायदे अर्धा तास ऐकवले, आणि तोटे सांगायला विसरला.

मग एका ढगाळ दुपारी बायकोचा शब्द आला: झोपले. त्याने बटण दाबलं.

दारात अडथळा.

चिमट्यात धरलेली काच त्याने खाली ठेवली. फळीवर अडथळा कसला येणार? एखादा कोळी, तो म्हणाला. चिकटपट्टी सुटली असेल. त्याने पुन्हा दाबलं. अडथळा. फिटरचं वाक्य त्याला आठवलं, की आत काय, बाहेर काय, दाराला कळत नाही. आणि त्याच वेळी हेही सुचलं, की फळी दारात नाही. फळी आत आहे. अण्णांच्या उशापासून हातभर अंतरावर आहे.

त्याने तिसऱ्यांदा दाबलं. दार बंद झालं, अशी अक्षरं आली. ती वाचून बरं वाटलं नाही. जे मध्ये होतं ते बाजूला झालं होतं, आणि कुठल्या बाजूला, हे स्वतःला विचारायचं त्याला धाडस झालं नाही.

फोन वाजला. बायको होती.

"अहो, अण्णा अंथरुणात नाहीत. मी वर गेले आणि लगेच खाली आले, तेवढ्यात. चपलाही नाहीत, म्हणजे घालून गेलेत. मी रस्त्यावर बघते, तुम्ही गाडी घेऊन या."

दुकानाचं शटर त्याने अर्धंच ओढलं आणि तो निघाला.

७

गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली आणि लांबूनच गॅरेजचं दार आपणहून वर जाऊ लागलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. दार हळूहळू उचलत गेलं, आणि खालच्या अंधारातून आधी दिसल्या त्या चपला. उजव्या चपलेचा पट्टा बायकोने लाल दोऱ्याने शिवून दिला होता. तो लाल दोरा दिसला. मग पायजम्याची किनार, गुडघे, सदरा, आणि शेवटी तोंड. अण्णा. बरोबर दाराच्या रेघेला लागून, आत उभे.

चष्मेवाल्याच्या जिवात जीव आला. घरातच होते, बाहेर पडलेच नव्हते, कुठे तरी कोपऱ्यात बसले असतील. उतरून धावत जावं असं त्याला वाटलं, पण धावत आलेल्या माणसाला ते हल्ली बिचकत आणि वाट फुटेल तिकडे निघत. गाडी मात्र त्यांना कळे. म्हणून त्याने नेहमीसारखी गाडी फिरवली आणि हळूहळू मागे घ्यायला लागला.

आरशात अण्णा दिसत होते. त्यांनी एक हात वर केला आणि तो हलवू लागले. येऊ दे. येऊ दे.

त्याला हसू आलं, आणि मग ते हसू ओठांवरच राहिलं. अण्णांनी आयुष्यात कधी कुणाला अशी खूण केली नव्हती. ते कायम गाडीत असायचे. खूण बाहेरून व्हायची.

शेजारच्या जागेवर फोन वाजला. त्याने बटण दाबून तो तसाच ठेवला. गाडी रांगत मागे चालली होती. बायकोला धाप लागलेली होती, आणि आवाजात रडू होतं, पण सुटकेचं.

"सापडले हो. चौकातल्या बाकावर बसले होते. हात धरलाय मी. आम्ही चालतच येतोय, जवळच आहोत."

थप, थप.

डिकीवर दोन थापा पडल्या. पायाने आपणहून ब्रेक दाबला.

आरशात दारातला माणूस होता तिथेच उभा होता, हात वर करून. तो आणि गाडी यांच्यामध्ये नुसती फरशी होती. इतक्या लांबून कुणाचा हात डिकीला लागला नसता.

वळून बघायला हवं होतं. गिऱ्हाइकांना तो नेहमी सांगे, चष्मा आरशात बघून ठरवू नका, आरसा फसवतो. पण मान वळेना. अण्णा बायकोजवळ आहेत, तिने त्यांचा हात धरलाय, म्हणजे दारात जे उभं आहे ते अण्णा नाहीत. एवढा एकच सरळ विचार त्याच्याजवळ होता. त्याने फोन उचलला आणि दार लावलं.

दार उतरू लागलं. आता त्याला थांबवणारं काही नव्हतं. आधी तो हलणारा हात गेला, मग तोंड, मग सदरा. शेवटी चपला उरल्या. दार टेकायला अगदी थोडं राहिलं असताना त्या मागे सरल्या. आधी डावी, आणि मग उजवी, ओढत.

दार बंद झालं, असं फोन म्हणाला.

"अहो, ऐकताय ना?" बायकोचा आवाज चालूच होता. "चपला कुठे टाकल्या कोण जाणे, अनवाणी आहेत. एवढं चालून आले, पण तळवे अगदी स्वच्छ. आणि मघापासून हाताने एकसारखे येऊ दे, येऊ दे करतायत. तुम्ही शिकवलंत का यांना हे?"

तो गाडीतून उतरला. थापा कशासाठी होत्या, कुणाच्या होत्या, आणि त्याला गाडी थांबवायला सांगत होत्या की दार लावणारा हात, हे आता एकदम त्याच्या मनात येऊन उभं राहिलं. तो दाराशी गेला आणि पत्र्यावर कान ठेवला. आत कुणीतरी श्वास घेत होतं, म्हाताऱ्या माणसाचा अडखळता श्वास. किंवा तो त्याचाच असेल.

मग पलीकडून, कानाच्या अगदी जवळ, तळहाताच्या दोन थापा पडल्या. फार जोर नव्हता त्यांत.

"अण्णा?" त्याने हाक मारली. बायकोच्या नावे, आईच्या नावे, देवाच्या नावे तो काहीबाही पुटपुटला, आणि अंगठा फोनवर धरला. दार उघडलं तर आत असेल ते बाहेर येणार. नाही उघडलं तर आत असतील ते आतच राहणार, त्या अंधारात, त्या फळीपाशी.

गल्लीच्या तोंडाशी बायको दिसली. तिच्या बाजूला एक वाकलेली आकृती होती, पांढऱ्या सदऱ्यातली. बायकोने त्याला बघून हात हलवला. मग बाजूच्यानेही हात वर केला.

पहिलं की दुसरं? जन्मभर त्याने हे लोकांना विचारलं होतं, आणि गोंधळलेल्या माणसाला धीर देत म्हटलं होतं, घाई नाही, पुन्हा एकदा नीट बघा. तो नीट बघू लागला. त्याला दोन्हीकडे अण्णाच दिसत होते. दारावर आतून पुन्हा थापा पडल्या, आणि गल्लीतून ती दोघं सावकाश जवळ येत होती. वाटेत पुन्हा हरवू नयेत म्हणून बायकोने तो हात घट्ट धरून ठेवला होता.